पुसणे आणि सुधारणे

चूक नाहीशी करण्याचे दोन मार्ग मनुष्यास पूर्वीपासून ठाऊक आहेत : एक पुसण्याचा व दुसरा सुधारण्याचा. वरवर पाहता दोहोंचे फळ एकच दिसते, कारण दोन्ही रीतींनी शेवटी कागदावर बरोबर अक्षरच उरते. तथापि या दोहोंत अंतर किती मोठे आहे, हे आम्हांस गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या संगणककक्षात फार स्पष्टपणे दिसून आले. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

पालक आम्हांस वारंवार विचारतात की, नववीची मुले काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे लिहीत बसतात, ते काय? त्यात चित्रे नाहीत, माउसचे काम नाही. मग हा संगणक शिकणे कसले? त्यास उत्तर असे की, या रीतीस कमांड लाइन म्हणतात. येथे संगणकास बोट दाखवून नव्हे, तर शब्दांत आज्ञा द्यावी लागते, आणि आज्ञा द्यावयाची म्हणजे आपणांस नेमके काय हवे आहे हे आधी आपल्यालाच कळले पाहिजे. शिवाय ज्याला क्लाउड म्हणतात तो काही आकाशातला मेघ नव्हे; ती दूरच्या इमारतीत ठेवलेली व भाड्याने मिळणारी यंत्रे होत. ॲमेझॉन कंपनीने आपले असे केंद्र २०१६ साली मुंबईस उघडले. त्या यंत्रासमोर आपण बसू शकत नाही. म्हणून एसएसएच नावाच्या साधनाने येथूनच त्याचे दार उघडावे लागते. हे साधन फिनलंडात तातू यलोनेन यांनी १९९५ साली तयार केले. त्यात किल्ल्यांची एक जोडी असते : एक सर्व्हरला द्यावयाची व दुसरी कोणासही न देता जपावयाची. एवढे झाले म्हणजे आपल्या शहरातील विद्यार्थी मुंबईच्या यंत्रास मराठी मजकूर ठेवावयास सांगू शकतो.

परंतु एकाच मजकुरावर दहा जणांचे हात पडू लागले म्हणजे कोणी काय बदलले याचा मेळ कसा राहावा? याकरिता गिट नावाचे साधन आहे. लिनक्स ही प्रणाली निर्माण करणारे लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहावयास घेतले. कारण त्यांच्या मंडळींनी चालविलेल्या दुसऱ्या एका साधनाची फुकट वापरण्याची सवलत त्या वर्षी काढून घेण्यात आली होती. गिटमध्ये प्रत्येक बदलाची एक नोंद होते, तिला कमिट म्हणतात. बदल काय झाला, कोणी केला, केव्हा केला, व का केला, इतके सर्व तीत असते. प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून गणित करून काढलेली एक लांब खूण मिळते, आणि त्या गणितात मागील नोंदीची खूणही धरलेली असते. म्हणून जपमाळेतील एक मणी बदलावयास गेले असता त्यापुढचे सर्व मणी पुन्हा ओवावे लागतात, तद्वत् जुनी एक नोंद बदलली की तीपुढील सर्व नोंदींच्या खुणा बदलतात, आणि लपवालपव तत्काळ उघडकीस येते.

हा विचार आपल्या मराठवाड्यास अगदीच नवा आहे असे मात्र नाही. येथून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर पैठण आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झाली. त्यानंतर सुमारे तीन शतके ती हातांनी उतरून घेतली जात असता तीत पाठभेद शिरले. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ती शुद्ध केली, आणि अखेरीस स्वतःच्या ओव्यांत त्याची नोंदही ठेवली. शक सांगितला, आपले नाव सांगितले, पाठभेदांमुळे हे शोधन करावे लागले हे कारण सांगितले, आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घुसडू नये म्हणून ताकीदही दिली. गिट ज्या गोष्टी मागते त्या नाथांनी न मागता दिल्या होत्या.

तथापि नाथांनी जे पाठ सोडले ते त्यांच्या नोंदीत नाहीत. ही उणीव पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या बाबतीत भरून काढली. १९१९ साली आरंभिलेले व १९६६ साली पूर्ण झालेले ते काम विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९४३ पर्यंत, चालविले. त्या आवृत्तीत स्वीकारलेला पाठ वर छापला आहे, आणि न स्वीकारलेले पाठ, कोणत्या पोथीत काय आहे त्यासह, त्याच पानाच्या तळाशी दिले आहेत. संपादकाचा निर्णय वाचकास तपासून पाहता यावा, हा त्यातील हेतू. गिट हेच काम प्रत्येक ओळीच्या बाबतीत आपोआप करते.

आता आमच्या शाळेतील गोष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्यातील लेण्यांविषयी एक मराठी संकेतस्थळ करण्याचे काम काही मुलांनी घेतले होते. अजिंठ्याच्या पानावर एका हुशार विद्यार्थ्याने असे लिहिले की, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यास ही लेणी १८९१ साली दिसली. खरे साल १८१९. स्मिथने आपले नाव व ती तारीख दहाव्या लेण्यात कोरूनच ठेवली आहे. दोन आकड्यांची अदलाबदल, याहून अधिक काही नव्हते. पण वर्गात नेहमी पहिला येणाऱ्या त्या मुलास आपल्या नावापुढे ती चूक कायमची दिसत राहावी हे सहन होईना. त्याने आपल्या प्रतीतून ती नोंदच काढून टाकली व नवा इतिहास सर्व्हरवर पाठवू लागला. गिटने तो नाकारला. कारण सर्व्हरवर दरम्यान दुसऱ्याचे काम येऊन पडले होते. तेव्हा त्याने कोठून तरी ‘फोर्स’ हा शब्द शोधून काढला. बळजबरीने पाठविल्यावर यंत्राने ऐकले. चूक गेली, पण तिच्याबरोबर दुसऱ्या एका मुलाने दोन रात्री जागून केलेली वेरूळच्या ३४ लेण्यांची यादीही गेली. ज्या लॅपटॉपवर ती केली होती, तो त्याच्या थोरल्या भावाबरोबर पुण्याच्या वसतिगृहात गेला होता, आणि भावाने त्यावरील सर्व पुसून टाकले होते. तो मुलगा कोणास काही बोलला नाही. नुसता पडद्याकडे पाहत बसला.

सुदैवाने गिटची प्रत्येक प्रत पूर्ण असते. वर्गातील एका मुलीने आदल्या संध्याकाळी सर्व मजकूर आपल्या यंत्रावर उतरून घेतला होता. तिच्या प्रतीवरून यादी परत मिळाली. पण माळ अखंडच यावयाची. त्यामुळे यादीबरोबर १८९१ हा आकडाही परत आला! त्या विद्यार्थ्याने तेव्हा दुसरा मार्ग धरला. ‘गिट रिव्हर्ट’ ही आज्ञा जुनी नोंद पुसत नाही. ती तिच्यापुढे उलट बदलाची नवी नोंद करते. त्याने ती आज्ञा दिली, योग्य साल घातले, व कारण लिहिले : ‘माझ्या हातून साल उलटे पडले होते, ते सुधारले.’ मग उठून त्या दुसऱ्या मुलाजवळ जाऊन बसला. काय बोलला ते आम्ही ऐकले नाही. ऐकण्याचे कारणही नव्हते. बळजबरीचा इतिहास स्वीकारू नये, असा नियम आम्ही त्याच दिवशी सर्व्हरवर बसविला.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. सर्वच पुसणे वाईट असे नाही. कोणाचा पासवर्ड किंवा दुसऱ्याच्या घरची खासगी बाब नोंदीत गेली, तर पासवर्ड ताबडतोब बदलावा, आणि ती नोंद सर्वांना सांगून, सर्वांच्या संमतीने काढावी. दुसऱ्याचे रक्षण करण्यासाठी उघडपणे पुसणे निराळे, आणि आपला मान राखण्यासाठी गुपचूप पुसणे निराळे.

ख्रिस्ती मनुष्यास हे समजणे कठीण जाऊ नये. पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पेत्र पुढे मंडळीचा आधारस्तंभ झाला. पण त्याच्या थोरवीकरिता कोणी ते प्रकरण काढून टाकले नाही. ते राहिले म्हणूनच त्याला क्षमा मिळाली हे आपल्याला कळते. पाप पुसणे हे देवाचे काम आहे. ते कबूल करणे हे आपले.

विद्यार्थीमित्रहो, आज्ञांचे शब्द कालांतराने बदलतील, आणि गिटच्या जागी उद्या दुसरे साधनही येईल. परंतु आपल्या नावाने चूक कबूल करून आपल्याच नावाने ती दुरुस्त करण्याची सवय ज्याला लागली, त्याच्याबरोबर काम करण्यास लोक नेहमीच राजी असतील. आणि पालकांस आमची इतकीच विनंती आहे की, त्या काळ्या पडद्यावर आपल्या मुलाची चूक नोंदलेली दिसली, तर तिच्या खालची ओळही वाचावी.