साल कुठलं लिहायचं?

आमच्या घरात भांडणं दोनच गोष्टींवरून होतात. ओला टॉवेल आणि एक्सेल शीट. टॉवेलचं जाऊ द्या, तो सगळ्यांच्याच घरी असतो. पण एक्सेल शीट? तीही ऑफिसची नाही, चक्क वाइनची!

तर झालं असं की, लग्नानंतर आम्ही नाशिकला एका वाइनरीत टेस्टिंगला गेलो आणि दोघांनाही हा नाद लागला. आमचं ‘सेलर’ म्हणजे दगडी तळघर वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये वॉशिंग मशीनशेजारी ठेवलेला छोटासा वाइन कूलर, एवढंच. तापमान तेरा डिग्री, कारण एप्रिल-मेचा आपला उकाडा वाइनला अजिबात मानवत नाही. परमिट दोघांचंही आहे. आणि दोघंही आयटीत, त्यामुळे कूलर आला त्याच रात्री शीट तयार! वाइनरी, वाइनचं नाव, द्राक्षाची जात, साल, किंमत, कप्पा, शेरा. किती प्रोफेशनल ना?

गंमत अशी की, कॉलम ठरवले, पण त्यात काय लिहायचं ते ठरवलंच नाही. मी ‘शिराझ’ लिहायचे, नवरा ‘सिरा’. द्राक्ष तेच, फ्रान्समध्ये सिरा म्हणतात, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडे बहुतेकदा शिराझ. पण फिल्टरला हे कोण सांगणार? मी ‘कॅब’ लिहून मोकळी, तो ‘कॅबर्ने सॉव्हिन्यॉं’ पूर्ण. मी किंमत एका बाटलीची लिहायचे, तो अख्ख्या बिलाची. स्पार्कलिंग वाइनच्या बऱ्याच बाटल्यांवर साल नसतंच, कारण तिच्यात वेगवेगळ्या वर्षांची वाइन मिसळलेली असते. तिथे तो रकाना रिकामा ठेवायचा आणि मी घेतलेलं साल टाकायचे.

आणि खरी गोम इथेच होती. मी सगळ्याच बाटल्यांना घेतलेलं साल टाकत होते. तो मात्र लेबलवरचं व्हिंटेज लिहायचा, म्हणजे द्राक्षं ज्या वर्षी खुडली ते साल. चार वर्षं आम्ही दोघं एकाच कॉलममध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी भरत होतो आणि दोघांनाही वाटत होतं, शीट काय छान अपडेटेड आहे!

आमची मुलगी फेब्रुवारी २०१६ची. फ्रान्समध्ये वाइनची द्राक्षं सप्टेंबरच्या आसपास खुडतात. नाशिकचं गणित वेगळं. तिथे पाऊस संपता संपता छाटणी होते आणि जानेवारी ते मार्चमध्ये खुडणी. म्हणजे मी दवाखान्यात कळा देत होते, त्याच दिवसांत नाशिकच्या मळ्यांत २०१६ची द्राक्षं उतरत होती. २०१८मध्ये तिला घेऊन नाशिकला गेलो, तेव्हा एका वाइनरीत २०१६ची रिझर्व्ह शिराझ दिसली. शेवटची एकच बाटली होती. काउंटरवरच्या मुलानं बजावलं, ‘मॅडम, नीट ठेवलीत तर सहा-सात वर्षं टिकेल. लग्नापर्यंत ठेवायचा विचार करू नका.’ मी मनात ठरवलं, पोरगी पहिलीत जाईल त्या संध्याकाळी उघडायची. घरी आल्यावर शीटमध्ये एंट्री केली. साल : २०१८. शेरा : काही नाही. काय लिहायचं? मला तर माहीतच होतं ना!

मे २०२२मध्ये शाळेची खरेदी चालू होती. दप्तर, डबा, बूट. सहज कूलर उघडला, तर तिसऱ्या कप्प्यातली ती जागा रिकामी. शीट उघडली. ‘संपली. ११/६/२०२१. मस्त होती, सगळ्यांना आवडली.’

सगळ्यांना?

‘अरे, जूनमध्ये घरात आपण तिघंच होतो! हे सगळे कोण?’ मी किंचाळलेच. तो गोंधळला. ‘जून कुठला? सहा नोव्हेंबर. तू भाऊबीजेला सोलापूरला गेली होतीस, तेव्हा टीममधले आले होते.’ साहेबांचा क्लायंट अमेरिकन, त्यामुळे तारखासुद्धा अमेरिकन. आधी महिना, मग दिवस!

‘ती पिल्लूची बाटली होती.’

‘मला कधी सांगितलंस?’

‘नाशिकहून येताना. गाडीत.’

तो काहीच बोलला नाही. मग मला आठवलं. संगमनेरच्या पुढे पाऊस लागला होता, पिल्लू मागे रडत होती आणि तो ट्रकला ओव्हरटेक करत होता. मी बोलले होते का? की नुसतं मनात घोळवलं होतं? खरं सांगते, आजही मला खात्री नाही.

त्यानं बिचाऱ्यानं शीट बघूनच बाटली काढली होती. २०१८ची, शेऱ्यात काही नाही, म्हणजे साधी, कुणाची वाट न बघणारी. शीटच्या हिशेबानं त्याची निवड अगदी बरोबर होती.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या रात्री तोच लॅपटॉप घेऊन बसला आणि म्हणाला, ‘चल, साफ करू.’ जे ऑफिसमध्ये पहिल्या दिवशी करतो, ते घरी चार वर्षांनी केलं. आधी नियम लिहिले. साल म्हणजे लेबलवरचंच, लेबलवर नसेल तर ‘एनव्ही’. खरेदीची तारीख वेगळ्या रकान्यात आणि महिना अक्षरांत. द्राक्षाचं नाव टाइप करायचं नाही, ड्रॉप-डाउनमधून निवडायचं. किंमत एका बाटलीची. बाटली संपली तरी ओळ डिलीट करायची नाही. आणि ‘कधीपर्यंत प्यायची’ हा रकाना रिकामा ठेवायचा नाही. तो भरताना कळलं, २०१७च्या दोन सॉव्हिन्यॉं ब्लाँ आम्ही उगाच जपत बसलो होतो. ही वाइन ताजीच प्यायची असते. एक उघडली, तिचा सगळा तजेला गेला होता. एक नको तेव्हा उघडली, दुसरी हवी तेव्हा उघडली नाही!

ही डोकेदुखी फक्त आमची नाही म्हणा. लंडनच्या ‘लिव्ह-एक्स’ या वाइन एक्स्चेंजनं त्यासाठी चक्क नंबरच काढलेत. पहिले सात आकडे कुठली वाइन ते सांगतात, पुढचे चार व्हिंटेज, मग पेटीत किती बाटल्या आणि केवढ्या. एकूण अठरा आकडे! व्यापाऱ्यांनी नाव कसंही लिहू देत, नंबर एकच.

पण त्या अठरा आकड्यांतही आमची बाटली वाचली नसती. म्हणून शेवटी मी एक कॉलम वाढवला : ‘कशासाठी’. आपल्याला अगदी पाठ असलेली गोष्ट शेजारी झोपणाऱ्या माणसाला माहीत असतेच असं नाही, हे मला त्या रिकाम्या कप्प्यानं शिकवलं. शीट आपण स्वतःसाठी भरत नाही. आपण घरी नसताना जो कूलर उघडेल, त्याच्यासाठी भरतो.

जूनमध्ये पिल्लू पहिलीत गेली. त्या संध्याकाळी आम्ही एक साधी शेनिन ब्लाँ उघडली, गरमागरम कोथिंबीरवड्यांबरोबर. नवऱ्यानं ग्लास बाजूला ठेवून आधी एंट्री केली. कशासाठी : पहिलीचा पहिला दिवस.

मग त्यानं वर स्क्रोल करून ती जुनी ओळ काढली. ‘मस्त होती’च्या पुढे हळूच टाइप केलं : ‘पिल्लूची होती. मला माहीत नव्हतं.’

ती ओळ आम्ही तशीच ठेवलीय. नियमच आहे ना, डिलीट करायचं नाही!