थेंब बंद कधी करायचे

कोरड्या डोळ्यांसाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरू करणं सोपं आहे, चिठ्ठीवर एक ओळ वाढते. अडतं ते पुढे. हे औषध पहिल्या दिवशी झोंबतं आणि गुण दाखवायला तीन ते सहा महिने घेतं. त्या काळात ऋतू बदलतो, शेतातलं काम बदलतं, रुग्ण मधेच मेडिकलमधून आणखी एखादी बाटली आणतो. आणि शेवटी डोळ्याला बरं वाटलं तर ते कशामुळे, हे ना त्याला सांगता येत, ना मला. म्हणून माझं म्हणणं असं आहे की, हे थेंब कधी आणि कशावरून बंद करायचे हे ज्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, त्या चिठ्ठीवर ते सुरूही करू नयेत. २०१९ साली, चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेचा या औषधावरचा आढावा आला. त्यात ३० चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, आणि त्रास कमी होण्याबाबत त्यांचा कौल एकमेकांशी जुळत नव्हता. तेव्हापासून माझी लिहिण्याची पद्धत बदलली आणि हा एकच प्रश्न डोक्यातून जात नाही.

मी जिथे रुग्ण तपासतो त्या पुणे जिल्ह्यातल्या पेठ, सातगाव पठार, खाली मंचर-नारायणगावचा पट्टा, या भागाला डोळ्यांच्या उपचारांची चांगली ओळख आहे. पण ती ओळख मोतीबिंदूची. नारायणगावचं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आणि ते उभं करणारे पद्मश्री डॉ. मनोहर डोळे यांच्यामुळे जुन्नर-आंबेगावातल्या गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना परत दिसू लागलं, हे काम लहान नाही. मोतीबिंदूचा हिशेब मात्र सरळ असतो: तपासणी, ऑपरेशन, महिना-दीड महिना थेंब, मग चष्मा, आणि विषय संपतो. कोरडा डोळा असा संपत नाही. तो कमी-जास्त होत राहतो, आणि ज्याला 'बरा झाला' म्हणायचं तो दिवस कधी येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. एकदाच्या उपचाराची सवय झालेल्या माणसाला 'हे कायम घाला' असं सांगितलं की दोनपैकी एक घडतं. पहिली बाटली संपली की तो थांबतो, किंवा कुणी थांबवलं नाही म्हणून वर्षानुवर्षं घालत राहतो. दोन्हीत निर्णय कुणीच घेतलेला नसतो.

मोजायचं काय, इथूनच घोळ सुरू होतो. फ्लुरोसीनची केशरी पट्टी पापणीला टेकवून निळ्या उजेडात बघितलं की बुबुळावर हिरवा थर पसरलेला दिसतो. पापणी न मिटता थांबायला सांगायचं आणि त्या हिरव्यात पहिला काळा ठिपका फुटेपर्यंत सेकंद मोजायचे. दहाच्या आत फुटला तर अश्रूंचा थर टिकत नाही. शर्मरची कागदी पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवली आणि पाच मिलिमीटरसुद्धा भिजली नाही, तर पाणीच कमी आहे. पण याच दोन चाचण्या त्याच डोळ्यावर आठवड्याने केल्या तर आकडा वेगळा येऊ शकतो. शिवाय आकडा आणि त्रास यांचं जमत नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मधुमेह जुना असेल, वय झालं असेल तर बुबुळाच्या नसा मंदावतात. बुबुळ सोलवटलेलं असतं आणि माणूस म्हणतो, 'तसं काही नाही, जरा धूसर दिसतं.' दुसरीकडे एखादीचा डोळा भिंगाखाली स्वच्छ असतो आणि तिला दिवसभर खुपतं, उजेड सोसवत नाही. बधिर करणारा थेंब टाकूनही तिची वेदना राहिली, तर दुखणं नसेतच आहे हे ओळखावं. तिथे सायक्लोस्पोरिनची वर्षभराची रांग लावणं म्हणजे तिला वर्षभर ताटकळत ठेवणं.

आता पुरावा. सायक्लोस्पोरिन मुळात मातीतल्या एका बुरशीचं. अवयवरोपणात शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ते नावारूपाला आलं. पुढे कोरड्या डोळ्यांच्या कुत्र्यांमध्ये त्याने पाणी वाढतं असं दिसलं, आणि माणसांसाठी ०.०५ टक्क्यांच्या थेंबांना अमेरिकेत २००२ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. अश्रुग्रंथीभोवतीचा दाह शमवायचा आणि ग्रंथीला तिचं काम परत करू द्यायचं, असं त्यामागचं तत्त्व. त्या मान्यतेचा आधार औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला आहे: सहा महिन्यांनी शर्मरची पट्टी दहा मिलिमीटर जास्त भिजली, असे रुग्ण औषधाच्या गटात सुमारे १५ टक्के आणि नुसत्या पायसाच्या (औषध नसलेल्या तेल-पाण्याच्या मिश्रणाच्या) गटात सुमारे ५ टक्के. झोंबण्याची तक्रार १७ टक्के लोकांची. त्या नुसत्या पायसात काय होतं हे बघितलं की आकड्यांचा अर्थ बदलतो. त्यात एरंडेल आणि ग्लिसरीन होतं. एरंडेलाचा बारीक थर अश्रूंवरून हवेला अडवतो, म्हणजे तुलनेतली बिनऔषधाची बाटलीही उपचारच करत होती. म्हणून त्रास कमी वाटला की तो औषधाने की तेलाने, हे चाचण्यांनाही सहज सुटलेलं नाही. मग पेठच्या एका रुग्णाच्या बाबतीत ते छातीठोक सांगणारा मी कोण? (घरातलं एरंडेल डोळ्यात घालण्याची परवानगी यातून कुणी काढू नये. निर्जंतुक केलेला, पाण्यात फोडलेला थर वेगळा आणि बाटलीतलं तेल वेगळं.)

याहून अवघड ऋतूचं. सातगाव पठारावर फाल्गुनापासून वैशाखापर्यंत कोरडा वारा मोकळा वाहतो. त्यातच गव्हाची मळणी, कांद्याची काढणी, काटणी, बराखी भरणं. कांदा कापताना त्याचा उग्र वायू डोळ्याला लागतो आणि धारा लागतात. कोरड्या डोळ्याच्या माणसालाही त्या लागतात, कारण चिडून येणारं पाणी वेगळं आणि डोळा ओला ठेवणारं वेगळं. म्हणूनच 'माझ्या डोळ्यातून तर पाणी गळतं, ते कोरडे कसे?' हा प्रश्न इथे रोजचा आहे. लोक डोळे दाखवायला येतात ते याच दिवसांत, त्रास सगळ्यात जास्त असताना. चैत्रात सायक्लोस्पोरिन सुरू केलं की गुण यायची वेळ होते आषाढ-श्रावणात. तोवर पाऊस पडलेला असतो, हवा दमट झालेली असते, धूळ बसलेली असते. डोळा आपसूक निवतो, आणि श्रेय जातं बाटलीला. ते श्रेय घ्यायला मला आवडतं, हे मी लपवत नाही. 'तुमच्या थेंबांनी गुण आला' हे ऐकण्याची जी हाव आमच्यात असते, ती कुठल्याही चाचणीपेक्षा प्रबळ आहे, माझ्यातही आहे. त्या वाक्यानंतर औषध बंद करून बघायचं कुणाच्या मनात येतं? पण बंद करून बघितल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही, आणि तेही पावसात बंद करून काही कळत नाही. चैत्राची तुलना पुढच्या चैत्राशीच करायला हवी. म्हणजे एका माणसाबाबत खरं उत्तर मिळवायला एक वर्ष लागतं. हे मान्य केलं की 'महिनाभर घालून बघा' हा सल्ला किती पोकळ आहे ते दिसतं.

यावर पहिला आक्षेप येईल की शंभरात दहाच जणांना जादा फायदा होणारं औषध मग लिहायचंच कशाला. हा आक्षेप मला चुकीचा वाटतो. दहा मिलिमीटरची वाढ ही फार उंच लावलेली अट होती. तिच्याखाली फायदा झालेले त्या आकड्यात धरलेले नाहीत. आणि कोरडा डोळा हा एक आजार नाही. जिच्या सांध्यांना आमवात आहे, जिचं तोंडही कोरडं पडतं, जिला भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, तिच्या शरीराचा दाह तिच्या अश्रुग्रंथी खात असतो. १९३३ साली शोग्रेन या स्वीडिश डॉक्टरने ज्या बायकांच्या आजाराचं वर्णन केलं, तोच हा. 'भाकरी कशी खाता?' हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत आणि तो डोळ्यांच्या दवाखान्यात फार कमी विचारला जातो. अशा बाईला दोन-दोन वर्षं नुसत्या कृत्रिम अश्रूंवर ठेवणं हा मोठा अन्याय आहे. तिला सायक्लोस्पोरिन लवकर मिळावं, सांध्यांच्या डॉक्टरकडेही पाठवावं, आणि बंद करण्याची तारीख तिच्या चिठ्ठीवर नसली तरी चालेल. माझा नियम बाकीच्यांसाठी आहे, आणि बाकीचे पुष्कळ आहेत.

त्या बाकीच्यांत बहुतेकांचं पाणी पुरेसं असतं, तेल कमी पडतं. पापण्यांच्या कडेवर तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते. अंगठ्याने पापणी दाबली की निरोगी डोळ्यात नितळ तेल येतं. बिघडलेल्यात थिजलेल्या तुपासारखं पांढरं काहीतरी चिकटत बाहेर पडतं, किंवा काहीच येत नाही. इथलं पहिलं औषध म्हणजे शेक: सोसवेल इतक्या गरम ओल्या फडक्याने दहा मिनिटं, मग कडेच्या दिशेने हलकं चोळणं, रोज. फडकं दोन मिनिटांत निवतं, ते परत परत गरम करावं लागतं, आणि इथेच बहुतेकांचं शेकणं बंद पडतं. शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत आता हेच काम करणारी यंत्रं आली आहेत आणि एकेका बैठकीला भरपूर पैसे घेतात. ती निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. पण महिनाभर फडक्याने न शेकलेल्या माणसाला यंत्रापुढे बसवणं मला पटत नाही. तसंच, नवा थेंब वाढवण्याआधी कोरडेपणा आणणारं काय चालू आहे ते बघावं. सर्दीसाठी महिनोन्‌महिने घेतलेली सेटिरिझिन, झोपेसाठी किंवा हातापायांच्या मुंग्यांसाठी दिलेली ऍमिट्रिप्टिलीन, काचबिंदूच्या थेंबांतलं बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक, हे सगळे डोळा सुकवतात. त्यातलं काचबिंदूचं औषध स्वतःहून कधीच बंद करू नये, ते परिरक्षक नसलेलं मिळतं का ते विचारावं. पूर्वी पिशवीतली सगळी औषधं टेबलावर ओतून बघायची रीत होती. ती गेली, आणि तिच्यासोबत बरंच निदान गेलं.

दुसरा आक्षेप रुग्णांचाच असतो: 'थेंबच तर आहेत, घातले तर काय बिघडतं?' सायक्लोस्पोरिनपुरतं बघितलं तर फारसं नाही. या थेंबांतून ते रक्तात मोजण्याइतकंही उतरत नाही आणि त्याची सवय लागत नाही. सवय लागते ती लाली घालवणाऱ्या थेंबांची. ते थांबवले की डोळा आधीपेक्षा लाल होतो. पण 'थेंबच तर आहेत' हे वाक्य फक्त सायक्लोस्पोरिनवर थांबत नाही. त्याच वाक्याच्या आधारावर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडची बाटली घरात येते. दोन तासांत आग शमते, म्हणून ती सायक्लोस्पोरिनपेक्षा भारी वाटते, आणि डोळ्याचा दाब आवाज न करता वाढत राहतो. त्या दाबाने गेलेली नजर परत येत नाही. नुसते कृत्रिम अश्रूसुद्धा निर्धोक असतात असं नाही. चेन्नईजवळ बनलेल्या अशा थेंबांतून २०२२-२३ मध्ये अमेरिकेत ८१ जणांना औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला, १४ जणांची नजर गेली आणि चौघं दगावले. त्या बाटलीत परिरक्षक नव्हतं आणि ती अनेक वेळा वापरायची होती. परिरक्षक रोज अनेकदा गेलं तर बुबुळाला इजा, आणि नसलं तर बाटली जपण्याची जबाबदारी. रोज चार थेंबांच्या हिशेबाने वर्षाला चौदाशेहून अधिक थेंब होतात. ज्याची गरज ठरलेली नाही अशी कुठलीही गोष्ट डोळ्यात इतक्या वेळा जाऊ देऊ नये, आणि महिन्याला काहीशे रुपये, तेही बटाट्याला भाव पडलेल्या वर्षात, कुणाकडून काढू नयेत.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: पठारावरचा शेतकरी सहा महिन्यांनी तपासायला परत येतोच कुठे? तारीख लिहून काय उपयोग? मी तारीख आकड्यात लिहिणं सोडलं. पठारावरचा पावसाळी बटाटा दसरा-दिवाळीच्या सुमारास निघून विकला जातो. 'बटाटा विकला की या' हे लक्षात राहतं, तेव्हा हातात चार पैसेही असतात. तोवर पाऊस सरून हवा कोरडी व्हायला लागलेली असते, म्हणजे पावसाने दिलेला खोटा गुण ओसरलेला असतो. त्या भेटीत तीनच गोष्टी बघायच्या असं चिठ्ठीवर आधीच लिहिलेलं असतं: हिरव्या थराचे सेकंद, बुबुळ सोलवटल्याचे ठिपके, आणि वरचेवर घालायचे कृत्रिम अश्रू दिवसातून किती वेळा लागतात. तिन्हींपैकी एकही हललं नसेल तर सायक्लोस्पोरिन बंद. हललं असेल तर पुढच्या चैत्रापर्यंत चालू ठेवून, त्या वाऱ्यात डोळा कसा टिकतो ते बघून, दिवसातून दोन वेळांऐवजी एक वेळ करून बघायचं. काहींना वर्षानंतर दिवसातून एकदा पुरतं. आणि जो येणारच नाही असं दोघांनाही दिसतंय, त्याला मी आता हे औषध सुरू करत नाही. त्याला शेक दाखवून देतो, एकेका वेळेपुरत्या कुप्यांतले परिरक्षक नसलेले अश्रू लिहून देतो, फवारणीला आणि मळणीला बाजूने बंद असलेला चष्मा घालायला सांगतो.

काही सहकाऱ्यांना हे कठोर वाटतं. त्यांचं म्हणणं, निदान औषध तर पोहोचतं. पण आग होते म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडलेलं औषध पोहोचलेलं नसतं, आणि पुढे ज्या दिवशी त्याला ते खरंच लागेल, त्या दिवशी 'ते मागे घालून बघितलं, काही उपयोग नाही' असं तो सांगेल.