एल्गारच्या तबकडीच्या दोन बाजू

१९६५ चं ध्वनिमुद्रण. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालक जॉन बार्बिरोली. एका बाजूला एडवर्ड एल्गारचा चेलो कॉन्चेर्तो, वादक जॅकलिन डू प्रे, वय वीस. दुसऱ्या बाजूला ‘सी पिक्चर्स’ ही समुद्रावरची गीतमाला, गायिका जॅनेट बेकर. बहुतेक जण ही तबकडी डू प्रेसाठी घेतात. मीही तिच्यासाठीच घेतली.

चेलोचे सुरुवातीचे जाड, ओढून काढलेले स्वर. मग ती थांबते, आणि मुख्य धून व्हायोला एकट्याच सुरू करतात, खाली कसलाही आधार नाही. १९१८ साली टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाल्यावर एल्गारने कागद-पेन्सिल मागून ही धून टिपली होती. आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाची चाल तिच्यात आहे.

२७ ऑक्टोबर १९१९, क्वीन्स हॉल. तालमीला पुरेसा वेळ मिळाला नाही आणि कॉन्चेर्तोचा पहिलाच प्रयोग पडला. त्या रात्री वाद्यवृंदात चेलो धरून बसलेल्यांत एकोणीस वर्षांचा बार्बिरोली होता. शेहेचाळीस वर्षांनी तो डू प्रेला इतकी मोकळी जागा देतो, तेव्हा मला ती रात्र आठवते.

गीतमाला बार्बिरोलीच्या जन्मवर्षातली, १८९९ ची. नॉर्विचला ती प्रथम गायली क्लारा बटने, मत्स्यकन्येसारखा पोशाख करून. बेकरला असल्या कशाची गरज नाही. तिचा खालचा स्वर भरीव आहे, पण जड नाही, आणि शब्द एकही गिळला जात नाही. चौथं, पोवळ्यांचं गाणं ती इतक्या हलक्या हाताने गाते की समुद्राच्या तळाची ओढ धाक न वाटता लाडकी वाटते. मला पाचांतलं हेच सर्वांत प्रिय.

पाच गाणी, पाच कवी. दुसरं गाणं सर्वांत लहान, त्याचे शब्द एल्गारच्या पत्नीचे, अ‍ॅलिसचे. समुद्राच्या गाण्यांमध्ये हे एक घरातलं.

कॉन्चेर्तोनंतर सहा महिन्यांत, एप्रिल १९२० मध्ये, अ‍ॅलिस गेली. त्या तोलाचं मोठं काम एल्गारच्या हातून पुन्हा पुरं झालं नाही.

म्हणून हल्ली मी आधी बेकरची बाजू लावते. अ‍ॅलिसचं गाणं ऐकून मग कॉन्चेर्तोकडे येते. शेवटच्या भागात वेग ओसरतो, चेलो बोलता बोलता अडखळल्यासारखा होतो, आणि सुरुवातीचे तेच जाड स्वर परत येतात.