हिरड्याच्या गावात चार दिवस

थायलंडला जाऊन आलो असे सांगितले की आपल्याकडे लोक आधी हसतात, मग डोळे मिचकावतात. बँकॉक आणि पट्टायापलीकडे त्या देशाचे काही आपल्या कानावरच येत नाही. आम्ही निघालो तेव्हा चाळीतल्या शेजाऱ्यांनीही विचारलेच, "अहो, आक्कांना घेऊन थायलंडला?" आम्ही म्हटले, आक्कांना घेऊन नाही, आक्काच आम्हाला घेऊन चालल्या आहेत.

ते खरेच होते. आक्का म्हणजे आमच्या घरातील थोरली बहीण, मुलीची आत्या. महापालिकेच्या सफाई खात्यात उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर झाले. मग त्यांच्या मनाने घेतले की बाबासाहेब १९५४ साली बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, तर तिकडचे बौद्ध लोक रोजचे कसे जगतात ते आपणही बघावे. पण ब्रह्मदेशात २०२१ च्या लष्करी उठावापासून यादवी पेटलेली. तेव्हा शेजारचा थायलंड ठरला. पाच वर्षांची भिशी, थोडे बँकेतले आणि मुलीच्या पहिल्या पगारातले, असे जमवून २०२५ च्या जानेवारीत आम्ही चौघे निघालो. आक्का, मुलीचे आई-बाबा आणि मुलगी.

बँकॉकमध्ये एकच रात्र काढली. मोठी शहरे पैसे खातात आणि आम्हाला तर गाव बघायचे होते. उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेची बसण्याच्या डब्याची तिकिटे काढली. तिकिटावरचे साल पाहून मुलगी चमकली. २५६८! त्या देशात सारे व्यवहार बुद्धाब्दात चालतात. इसवी सनात ५४३ मिळवले की त्यांचे साल येते. आक्कांनी ते तिकीट जपून पाकिटात ठेवले, अजून आहे.

रात्रभराच्या प्रवासानंतर गाडी डोंगरात शिरते. खुनतान नावाचा सुमारे १३५० मीटर लांबीचा बोगदा लागतो. तो ओलांडला की उतार, भाताची खाचरे आणि मग लाम्फून स्टेशन. बँकॉकपासून सव्वासातशे किलोमीटरवर. गाडीतले बहुतेक प्रवासी पुढच्या चियांग माई या प्रसिद्ध शहरी जाणारे. ते इथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच आहे, म्हणून लाम्फूनला फारसे कोणी उतरत नाही. आमच्याबरोबर दोन शाळकरी मुले, भाजीची टोपली घेतलेल्या एक आजी आणि आम्ही, एवढेच उतरलो.

गावाचे जुने नाव हरिपुंजय. थाई लोक त्याचा उच्चार हरिफुन्चाय असा करतात. दंतकथा अशी की भगवान बुद्ध इथे आले, त्यांनी इथे हरीतकीचे फळ खाल्ले, त्यावरून हे नाव पडले. हरीतकी म्हणजे आपला हिरडा! भगवान बुद्ध थायलंडला गेल्याचा इतिहासात पुरावा नाही आणि आपण दंतकथेला इतिहास समजू नये. पण परक्या मुलखात आजीच्या बटव्यातला हिरडा भेटला की माणसाला बरे वाटते, हेही खरे.

भाषेतही असे जागोजागी होत होते. विहाराला ते 'विहान' म्हणतात, चैत्याला 'चेदी', नगराला 'नखोन', शीलाला 'सीन', दानाला 'थान', पुण्याला 'बुन'. नमस्काराचा 'सावदी' हा शब्द स्वस्तीवरून आलेला. आईला म्हणतात 'मे'. आक्का म्हणाल्या, "हे तर आपल्या मायवानीच झालं." दुसऱ्या दिवसापासून खानावळवाल्या बाईंना त्या सरळ माय म्हणू लागल्या आणि त्या बाईही ओ देऊ लागल्या.

या गावाचा पाया एका स्त्रीने घातला, ही आमच्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट. तिचे नाव चामदेवी. परंपरा सांगते की सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेतल्या लवो, म्हणजे आजच्या लोपबुरी राज्याची ही मोन वंशाची राजकन्या राज्य करण्यासाठी इथे बोलावली गेली. येताना तिने फौज नव्हे, तर पाचशे भिक्षू, कारागीर आणि विद्वान सोबत आणले. पंधराव्या शतकात बोधिरंसी नावाच्या भिक्षूने तिच्यावर 'चामदेवीवंस' हा पाली ग्रंथ लिहिला. त्यात चमत्कार पुष्कळ आहेत, पण हरिपुंजयचे मोन राज्य खरे होते. तेराव्या शतकातले त्याचे मोन भाषेतील शिलालेख गावातल्या संग्रहालयात आजही ठेवलेले आहेत. तेराव्याच शतकाच्या अखेरीस मंगराय राजाने हे राज्य जिंकले आणि १२९६ साली चियांग माई वसवले. तेव्हापासून लाम्फून मागे पडले आणि शांत झाले. आज चामदेवीचा पुतळा गावात उभा आहे. शाळेला जाणाऱ्या मुली, कारखान्याला जाणाऱ्या बाया गाडी थांबवून तिला हात जोडतात आणि पुढे जातात.

होय, कारखाने. गावाबाहेर १९८० च्या दशकात औद्योगिक वसाहत झाली. तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सुटे भाग बनतात आणि कामावर तरुण मुलींची संख्या मोठी. संध्याकाळी पाळी सुटली की मोटारसायकलींचा लोंढा येतो आणि तासाभरात ओसरतो. आमची मुलगी स्वतः अशाच एका कंपनीत कंत्राटी कामावर आहे. त्या मुलींच्या गळ्यातली ओळखपत्रे बघून ती म्हणाली, "आई, यांचे डोळे पण माझ्यासारखेच लाल झालेत गं." प्रवासात चैत्य-विहार बघावेत, तशी ही माणसेही बघावीत.

गावाचा मुख्य विहार म्हणजे वाट फ्रा थाट हरिफुन्चाय. थाट म्हणजे धातू, बुद्धांच्या अस्थी. नदीकडच्या दारावर दोन प्रचंड सिंह बसलेले. आत शिरले की ४६ मीटर उंचीचा सोनेरी चैत्य एकदम समोर येतो. अकराव्या शतकात आदित्यराज राजाने त्याची सुरुवात केली आणि पंधराव्या शतकात तिलोकराजाने तो वाढवला असे सांगतात. संध्याकाळी तिथे वंदना चालू होती. आम्ही मागे चटईवर बसलो. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण थोड्या वेळाने कान बसला आणि लक्षात आले की हे तर त्रिशरण आणि पंचशील! आक्कांनी आपल्या चालीत हळूच सुरू केले. शेजारच्या आजींनी वळून पाहिले, हसल्या, आणि आक्कांच्या गुडघ्यावर हात ठेवून आपल्या चालीत म्हणत राहिल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि तरी तेवढा वेळ त्या एकच बोलत होत्या.

सकाळी थंडीत भिक्षू भिक्षापात्र घेऊन अनवाणी निघतात. त्याला 'बिंथबात' म्हणतात, म्हणजे आपला पालीतला पिंडपात. लोक चपला काढून दारात बसतात आणि पात्रात चिकट भात, केळी, भाजी घालतात. मायने आक्कांना वाफाळता भात दिला. ज्या हातांनी तीस वर्षे लोकांचा कचरा उचलला, त्या हातांचा भात भिक्षूने शांतपणे घेतला, आशीर्वचन म्हटले आणि पुढे गेले. कोण, कुठल्या, कोणत्या कुळाच्या, काही नाही. आक्का बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

असे वाटले होते की हा लेख इथेच गोडीने संपवावा. पण तिसऱ्या दिवशी जे झाले ते झाकून ठेवणे बरोबर नाही.

त्या दिवशी आम्ही परिसरातल्या दुसऱ्या एका जुन्या विहारात गेलो. नाव देत नाही, कारण हा एका विहाराचा दोष नव्हे, उत्तर थायलंडच्या कित्येक जुन्या चैत्यांचा रिवाज आहे. चैत्याभोवती कठडा होता. आक्का फुले घेऊन आत पाऊल टाकणार, तोच मुलीने त्यांचा हात धरला. पाटी लावलेली होती. स्त्रियांना आत प्रवेश नाही.

मुलीने फोनवर भाषांतर करून फुलवाल्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, जुनी चाल आहे, धातू चैत्याच्या खाली जमिनीत आहेत ना, म्हणून. आम्हाला न सांगताही पुढचे कळले. बाईचा विटाळ. शब्द वेगळे असतील, गोष्ट तीच.

आमच्यातले पुरुष एकटे मुलीचे बाबा. फुले त्यांच्या हाती द्यावी म्हणून आक्कांनी हात पुढे केला. त्यांनी फुले घेतली नाहीत. "आक्का, आपली आजी काळारामाला गेली होती ना?" एवढेच बोलले. आमची आजी १९३० साली नाशिकच्या सत्याग्रहात होती. दार उघडले नाही, मारहाण झाली, ते ती मरेपर्यंत सांगायची. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा तिने घरातले देव्हारे उचलून ठेवले होते. त्या आजीच्या नाती एवढा समुद्र ओलांडून पुन्हा एका कठड्याबाहेर उभ्या होत्या.

मुलगी चिडली. "मग कशाला आलो आपण इथे?" आक्का मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "पोरी, हा कठडा बुद्धानं नाही बांधला. त्यानं गौतमी मायला संघात घेतलं. हा मागनं माणसांनी बांधला. माणसांनी बांधलेलं माणसं काढतात." मग आम्ही चौघांनी फुले कठड्याबाहेरच ठेवली आणि बाहेरूनच प्रदक्षिणा केली. फुलवाल्या बाई बघत होत्या. जाताना त्या म्हणाल्या, "चामदेवी पण बाईच होती की." मुलीने ते भाषांतर दोनदा वाचून दाखवले.

त्या देशातल्या स्त्रियाही गप्प नाहीत. तिथल्या संघाने १९२८ साली आदेश काढून स्त्रियांना दीक्षा देण्यास भिक्षूंना मनाई केली. तरीही प्राध्यापकी सोडून धम्मनंदा यांनी श्रीलंकेत जाऊन २००३ साली थेरवादी परंपरेत भिक्षुणी म्हणून उपसंपदा घेतली. असे करणाऱ्या त्या पहिल्या थाई स्त्री. आज थायलंडमध्ये भिक्षुणींचे विहार आहेत. सरकारी मान्यता नसली तरी सकाळी लोक त्यांच्या पात्रात भात घालतात.

शेवटच्या दिवशी सायकली भाड्याने घेऊन गावाच्या पश्चिमेला दीड-दोन किलोमीटरवरच्या वाट चामदेवीला गेलो. तिथला जुना चैत्य चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारा. पाच मजले, प्रत्येक मजल्यावर चारही बाजूंना तीन-तीन कोनाडे आणि त्यात उभ्या बुद्धमूर्ती. एकूण साठ. भूकंपात पडल्यावर १२१८ साली तो पुन्हा बांधला गेला. गवतावरून आम्ही चौघे एकत्र त्याला फेरी घालून आलो.

याच विहारात खूबा सिविचाय यांची आठवण जपली आहे. खूबा म्हणजे थोर गुरू. १८७८ साली लाम्फून प्रांतातल्या एका गरीब घरात जन्मलेला हा भिक्षू. राजधानीच्या परवानगीशिवाय दीक्षा देतो म्हणून वरिष्ठांनी त्यांना बँकॉकला नेऊन चौकशीत अडकवले. पण लोक त्यांच्या पाठीशी राहिले. चियांग माईच्या सुथेप डोंगरावर रस्ता करायला सरकारजवळ पैसा नव्हता. १९३४ च्या नोव्हेंबरात त्यांनी हाक दिली, हजारो गरीब माणसे कुदळ-फावडी घेऊन आली आणि सहा महिन्यांच्या आत, १९३५ च्या एप्रिलमध्ये, अकरा-बारा किलोमीटरचा रस्ता तयार झाला. १९४६ साली त्यांचे दहन या वाट चामदेवीत झाले. हे ऐकून आक्का म्हणाल्या, "रस्ता करणारा भिक्षू आपल्याला पटला."

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. एका बाटला आपले अडीच ते तीन रुपये पडतात. नूडल्सचा वाडगा चाळीस-पन्नास बाटमध्ये मिळतो. इथली खासियत म्हणजे लामयाय, लिचीच्या जातीचे फळ. ते ऑगस्टच्या सुमारास ताजे मिळते, एरवी वाळवलेले. ज्यांना मांस-मासे चालत नाहीत त्यांनी पिवळ्या झेंड्याची 'चे' खानावळ शोधावी. चियांग माईहून निळ्या टमटमा येतात, त्यांत समोरासमोर दोन बाके असतात. त्या जुन्या रस्त्यावर उंच वृक्ष आहेत. कोणी तोडू नयेत म्हणून लोक त्यांच्या बुंध्यांना चीवराचे वस्त्र गुंडाळतात. विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी पाहावेत. मे २०२५ पासून आगमनाचा अर्जही आधी ऑनलाइन भरावा लागतो.

परत आल्यावर वस्तीतल्या विहारात आम्हाला चार शब्द बोलायला सांगितले. आक्कांनी सोनेरी चैत्याचे सांगितले, भाताचे सांगितले, कठड्याचेही सांगितले. कठड्याचे ऐकून सगळे चुकचुकले. तेव्हा आक्का म्हणाल्या, "तिकडचा कठडा लोखंडाचा होता म्हणून दिसला. आपल्या विहारात चटया कोण घालतं? बाया. खीर कोण करतं? बाया. आणि कमिटीच्या अकरा जणांत बाया किती?"

कोणी काही बोलले नाही. एकही नव्हती.

पुढच्या महिन्यात कमिटीची निवड आहे. आमच्या मुलीने अर्ज भरला आहे. आक्कांनीही.