कार्डामागची ओळ

२०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट लागला आणि आठवड्याभरात उपनगरातल्या त्या छोट्या वाचनालयातून शिवाजी सावंतांच्या ‘छावा’च्या दोन्ही प्रती बाहेर गेल्या. देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्या बाईंच्या नोंदवहीत अकरा नावं प्रतीक्षेत होती. बारावा आला तो नववीतला एक मुलगा.

“काकू, ‘छावा’ आहे?”

“नाही रे. महिनाभर तरी नाही.”

“मग तसंच दुसरं काही द्या ना.”

‘तसंच दुसरं काही’ ही मागणी बाईंनी वीस वर्षांत किती वेळा ऐकली असेल, त्याला गणती नाही. दिसायला साधी, पण तिच्यात शिफारस करणाऱ्याची सगळी परीक्षा असते. तसंच म्हणजे कसं? संभाजी महाराजांवरचं? लढायांचं? जाडजूड? की मिटताना डोळे पुसावे लागतील असं? पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी पटकन उठून विश्वास पाटलांचं ‘संभाजी’ त्याच्या हातात ठेवलं असतं. विषय तोच, कपाटही तेच. हल्ली त्या उठत नाहीत, आधी विचारतात. “सिनेमात काय आवडलं तुला?” मुलगा जरा घुटमळला. शेवट बघवला नाही म्हणाला. मग म्हणाला, “पण ते सगळं खरं आहे का, ते बघायचंय.”

म्हणजे त्याला दुसरी कादंबरी नकोच होती. बाईंनी कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ काढलं. नववीतल्या मुलाला ते झेपणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून एकाच प्रकरणावर खूण घातली आणि “एवढंच वाच, बाकीचं दहावीनंतर” असं बजावलं. जाता जाता एक गोष्टही सांगितली. सावंतांची कादंबरी १९७९ची. त्याआधी, १९६० साली, वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रं धुंडाळून संभाजी महाराजांचं चरित्र लिहिलं. त्याच्याही आधीच्या नाटक-कादंबऱ्यांतला संभाजी अगदी वेगळा, व्यसनी आणि उतावळा. तेव्हा ‘खरं का’ असं विचारशील त्या वेळी ‘कोणी लिहिलं, कधी लिहिलं’ हेही विचार. मुलानं मान डोलावली. कितपत कळलं, कोण जाणे.

पुस्तकावर तारखेचा शिक्का मारल्यावर बाई त्यात एक कार्ड घालतात. वाचनालयात संगणक आला तेव्हा कॅटलॉगची जुनी कार्डं खोकी भरभरून रद्दीत निघाली होती, ती त्यांनी वाचवली. पुढच्या बाजूला टंकलेखित ग्रंथनाम आणि दाखल क्रमांक, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर त्या एक ओळ लिहितात. पुस्तक चांगलं आहे असं त्या ओळीत कधीच नसतं. चांगलं आहे म्हणून तर दिलं. पुस्तक कसं आहे, कुठे अडेल, कोणत्या अपेक्षेनं उघडू नये, एवढंच त्या लिहितात.

ही सवय फजितीतून लागली. नव्या होत्या तेव्हा जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’नं त्या झपाटलेल्या होत्या. १९७५ साली आलेल्या या पुस्तकात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ अशा दोनच दीर्घकथा आहेत. कुठल्याही नकाशावर नसलेले प्रदेश, नियतीशी झुंजणारी माणसं, आणि वाचून संपल्यावरही मुठीत न येणारा अर्थ. कोणी अद्भुत काही मागितलं की बाई तेच द्यायच्या. शाळकरी मुलांना, रिकामटेकड्या निवृत्तांना, एकदा तर बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीलाही. पुस्तक तिसऱ्या दिवशी परत यायचं. तक्रार कोणी करत नसे. “छान आहे” म्हणून ठेवून जात. पण परत आलेल्या पुस्तकाची घडी बघून ते किती पानांपर्यंत उघडलं गेलं ते कळतं, आणि ती घडी बहुधा विसाव्या पानाच्या आसपास संपलेली असे. आपण पुस्तकं वाटत नाही, आपली आवड वाटतो आहोत, हे त्या घड्यांनी बाईंच्या ध्यानात आणून दिलं. आजही ‘रमलखुणा’ त्या देतात, वर्षातून दोघा-तिघांना. कार्डावर लिहितात: घाई नसेल तेव्हा वाचा. कोडं सुटलं नाही तरी चालेल.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात रंगनाथन यांचे १९३१चे पाच नियम शिकवतात. त्यांतला एक वाचकाला त्याचं पुस्तक मिळवून देण्याचा, तर दुसरा पुस्तकाला त्याचा वाचक. परीक्षेत दोन्ही लिहून मार्क मिळतात. टेबलावर मात्र या दोहोंमधली गाठ कशी मारायची ते कोणी सांगत नाही. बाईंना ती युक्ती मिळाली सिअॅटलच्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपालांकडून. पर्ल यांच्या मते वाचक पुस्तकात चारपैकी एखाद्या दारानं शिरतो: कथानक, पात्रं, स्थळकाळ किंवा भाषा. एखाद्याला आवडलेलं पुस्तक कोणत्या विषयाचं होतं, यापेक्षा तो त्यात कोणत्या दारानं शिरला हे महत्त्वाचं. ‘मृत्युंजय’चंच बघा. एक जण ते कर्णासाठी वाचतो. दुसऱ्याला कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीनं बोलतात त्याची गंमत वाटते. तिसऱ्याला सावंतांची भरजरी भाषा हवी असते. तिघांनीही ‘तसंच दुसरं’ मागितलं, तर तिघांना तीन वेगळी पुस्तकं द्यावी लागतात. भाषेसाठी आलेल्याला केवळ कर्ण आहे म्हणून भलतंच पुस्तक दिलं, की ते तिसऱ्या दिवशी परत आलंच म्हणून समजा.

पर्ल यांचा आणखी एक नियम वाचनालयात भलताच लोकप्रिय झाला. पुस्तकाला पन्नास पानांची संधी द्यावी, नाही जमलं तर खुशाल ठेवून द्यावं. पन्नाशी ओलांडलेल्यांनी शंभरातून आपलं वय वजा करावं, उरतील तेवढी पानं वाचावीत. रोज सकाळी वर्तमानपत्रांसाठी येणारे एक आजोबा हे ऐकून खूश झाले. वय बहात्तर. “म्हणजे अठ्ठावीस पानं! बाई, आता अर्धवट सोडायला मला कायद्याचा आधार मिळाला.”

ऐतिहासिक आणि अद्भुत ही दोन कपाटं वाचनालयात समोरासमोर आहेत आणि त्यांचे वाचक एकमेकांकडे जरा संशयानं बघतात. इतिहासवाल्यांना समोरचं पोरकट वाटतं, अद्भुतवाल्यांना समोरचं शाळेचं वाटतं. खरं तर मराठीत ही भावंडं एकाच घरात वाढली. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांच्या छापखान्यात मराठी पुस्तकं निघू लागली, तेव्हा १८१४ साली बोलक्या बाहुल्यांची ‘सिंहासनबत्तिशी’ आली आणि लगोलग राजांची चरित्रं व भोसल्यांची वंशावळही. पुढे १८६०च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. १८६१ साली हळब्यांच्या ‘मुक्तामाला’नं अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा ओघ सुरू केला, आणि त्याच ओघात १८७१ साली गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी आली. किल्ला, भुयार, वेषांतर, हरवलेला वारस: सामान दोन्हीकडे बरंचसं एकच. शंभर वर्षांनी गौरी देशपांडे यांनी बर्टनचं अरेबियन नाईट्स सोळा खंडांत मराठीत आणलं. ते सोळा खंड बाईंच्या वाचनालयात आहेत, फक्त सातवा कोणीतरी नेला तो आणला नाही. असो.

समोरच्या कपाटाकडे वाचकाला न्यायचं, तर पूल लागतो. जॉर्ज आर. आर. मार्टिनची जाडी पुस्तकं इंग्रजीत संपवून एक कॉलेजातली मुलगी आली. सिंहासनासाठी एकमेकांचे गळे कापणारी घराणी, ड्रॅगन, उत्तरेकडची बर्फाची भिंत. तिलाही ‘तसंच’ हवं होतं. बाईंनी तिला सांगितलं की मार्टिनचा मसाला इतिहासातलाच आहे. इंग्लंडमधली गुलाबांची युद्धं, हेड्रियननं बांधलेली रोमन भिंत, आणि मोरिस द्रुऑं या फ्रेंच लेखकाची शापित राजांवरची सात कादंबऱ्यांची माळ. त्या माळेचं ऋण मार्टिन मोकळेपणानं मानतो. मुलीचे डोळे चमकले. पण द्रुऑं वाचनालयात नव्हता. बाई कपाटाशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ घेऊन आल्या.

पातळ पुस्तक बघून मुलगी हिरमुसली. “ताई, हे प्रवासवर्णन आहे.”

“आहे. पण कुठल्या वर्षीचं ते बघ.”

वरसईचे हे भटजी घरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असल्याची खबर होती. वाटेत बंडाच्या धामधुमीशी गाठ पडली, आणि फिरत फिरत हे काका-पुतणे नेमके झाशीत असताना इंग्रजांनी शहराला वेढा घातला. शहर पडलं, कत्तल झाली, लूट झाली. हे सगळं सांगणारा माणूस ना सरदार ना शिपाई. त्याला पोटाची आणि जिवाची काळजी आहे, मिळवलेली दक्षिणा लुटारूंनी नेल्याचं दुःख आहे, आणि इतकं सोसूनही आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी जायचं आहे. त्यांनी पुढे उतारवयात या आठवणी लिहिल्या आणि चिंतामणराव वैद्यांनी त्या १९०७ साली छापल्या. झाशीच्या वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली ती हकीकत बाई दरवेळी वाचतात. दरवेळी आपल्या कपाटांकडे बघतात.

मुलीच्या कार्डावर त्यांनी लिहिलं: यात ड्रॅगन नाही. पण शहर जळतं, आणि सांगणारा अगदी साधा माणूस आहे.

कधी कार्डावर इशारा द्यावा लागतो. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ सालापासून वाचनालयात सतत फिरते आहे, तिसरी प्रत झिजली. एकदा दोन वाचकांत टेबलापाशीच जुंपली. सदाशिवरावभाऊ अमुक वेळी अमुक म्हणाले की नाही? एकानं पुराव्यादाखल कादंबरीचं पान उघडलं. बाईंनी मध्ये पडून त्याला त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ दिलं. तो ते वाचून आला तेव्हा त्याच्यापुढे इतिहासकार वि. का. राजवाडे ठेवले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ सालचा पहिला खंड म्हणजे त्या काळातली मूळ पत्रंच. तेव्हापासून ‘पानिपत’मध्ये जाणारं कार्ड ठरलेलं: लढाई इतिहासाची, संवाद लेखकाचे. ‘श्रीमान योगी’ देताना मात्र बाई उलटं सांगतात. आधी प्रस्तावना वाचा. नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्रच तिथे छापलं आहे. पुराव्याची उलटतपासणी कशी करायची हे त्याच्याइतकं रंगतदार दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळेल. कादंबरीकारानं आपल्याच पुस्तकाच्या दारात असा पहारेकरी बसवावा, याचं बाईंना अजून कौतुक वाटतं.

भाकितं चुकतातच. नातवासाठी काही जादूचं द्या म्हणून एक आजी आल्या. बाईंनी ‘हॅरी पॉटर आणि परीस’ दिलं. ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ला भाषांतरात ‘परीस’ म्हटलं, हा शब्द किती चपखल आहे हेही हौसेनं ऐकवलं. नातवानं ते इंग्रजीत केव्हाच वाचून टाकलेलं होतं, त्यानं हातही लावला नाही. पुस्तक मुदत उलटली तरी परत येईना. शेवटी आजी दंडाचे पैसे घेऊन आल्या आणि जरा लाजत म्हणाल्या, “ह्याचा दुसरा भाग आहे का हो? त्या पोराच्या मावशीनं त्याला परत छळलं का ते बघायचंय.” आजी पात्रांच्या दारानं शिरणाऱ्या, हे बाईंच्या लक्षातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी त्यांनी आजींना ‘मृत्युंजय’ सुचवलं, ते आजींनी १९७० सालीच वाचलं होतं.

‘माझा प्रवास’ सव्वा महिन्यानं परत आलं. मुलगी घाईत होती, पुस्तक टेबलावर ठेवून निघून गेली. बाईंनी सवयीनं आधी घडी बघितली. शेवटच्या पानापर्यंत होती. मग कार्ड काढून उलटं केलं. त्यांच्या ओळीखाली निळ्या शाईत बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: “काल आईबरोबर पेणला गेले होते, तिथून वरसईला जाऊन आले.”

बाईंनी ते कार्ड खोक्यात परत टाकलं नाही, पुस्तकातच राहू दिलं. तेवढ्यात नववीतला मुलगा खूण घातलेलं पुस्तक घेऊन आला. खूण चार प्रकरणं पुढे सरकलेली होती.