शिवराईची अदलाबदल
नाणेविक्रीतील फसवणूक म्हटली की खोटे नाणे विकणाराच डोळ्यांपुढे येतो. ग्राहकही फसवतो, हे क्वचितच सांगितले जाते. माझ्या एका मित्राने आजोबांच्या संग्रहातील शिवराई ऑनलाइन विकली. ग्राहकाने ‘बनावट आहे’ म्हणत परत पाठवली ती दुसरीच, झिजलेली.

येथे शिवराईची घडणच विक्रेत्याच्या साहाय्यास येते. ही तांब्याची नाणी घणाच्या घावाखाली हाताने पाडली जात. ठसा चकतीहून बहुधा मोठा असे. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे क्वचितच पूर्ण उमटतात. कोठे ‘श्री’ कडेबाहेर जाते, कोठे ‘पति’ची वेलांटी तुटते. तंतोतंत सारखी दोन नाणी सापडणे जवळजवळ अशक्य! म्हणून दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे, ग्रॅमच्या शतांशापर्यंत वजन आणि पाकीट बंद करतानाचे अखंड चित्रण जपून ठेवावे. मित्राजवळ छायाचित्रे होती. ‘राजा’जवळची चीर परत आलेल्या नाण्यावर नव्हती. ग्राहकाचा दावा फेटाळला गेला.

पैसे ‘स्वीकारण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला सांगणाऱ्याशी व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे मिळण्यास पिन लागत नाही. आणि परदेशी ग्राहकाची मोठी बोली? शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवताच येत नाही.