घोंगड्यांची बेगमी

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांतून गेली कित्येक वर्षे भूगर्भातले गूढ आवाज ऐकू येतात. आवाज झाला की फळीवरची भांडी वाजतात, गुरे दाव्याला हिसके देतात आणि माणसे अंगणात येऊन उभी राहतात. परंतु २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, आणि पाठोपाठ दहा-अकरा मिनिटांत ३.६ चा दुसरा, तेव्हा हिंगोलीप्रमाणेच नांदेड व परभणीही हादरली. पत्र्याच्या छपरांवर ठेवलेले दगड उतरवून घ्यावेत असे आवाहन नांदेडच्या प्रशासनाने त्या दिवशी केले. ते सर्वस्वी योग्य होते. तथापि माझे मन दुसऱ्याच तजविजीकडे वळले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. जी वाचली त्यांचे अंथरूण-पांघरूण त्याच ढिगाऱ्याखाली राहिले आणि वरून पाऊस आला. भूकंपानंतर घर उभे असले तरी त्यात पुन्हा शिरता येत नाही, म्हणून संकटातले पांघरूण घराबाहेर असले पाहिजे आणि ते भिजले तरी ऊब देणारे असले पाहिजे, अशा निष्कर्षाला मी आलो. वाकळ कितीही मायेची असो, पाण्यात तिचे ओझे होते. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही अंगाला ओली लागत नाही.

नव्या हातविणीच्या घोंगड्यांची किंमत सर्व कुटुंबासाठी परवडणारी नव्हती, सबब बाजारात वापरलेल्या घोंगड्या आणि पानिपतचे जाडेभरडे कांबळे पाहू लागलो. पानिपतचा पुष्कळसा माल जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा कातलेल्या सुताचा असतो. तो स्वस्त व उबदार खरा, परंतु तंतू आखूड असल्यामुळे लवकर विरतो, आणि त्यात कृत्रिम धाग्याची भेसळही आढळते. मेंढ्या घेऊन आलेल्या एका वृद्ध धनगराने मला परीक्षा शिकविली. “गुरुजी, आधी सूत जाळून बघा, मंग पैसे द्या,” असे म्हणून त्याने स्वतःच्या खांद्यावरच्या घोंगडीची एक दशी तोडून तिला काडी लावली. केस जळाल्याचा उग्र वास आला, काडी दूर नेताच दशी विझली आणि काळी राख बोटांत चुरगळली. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. तेव्हापासून मी प्रत्येक नग उन्हासमोर धरून विरळ झालेल्या जागा शोधीत असे आणि पोत मुठीत आवळून तो पुन्हा फुलतो की नाही हे पाहत असे. रंगाकडे व काठाकडे पाहण्याचे मला कारण नव्हते.

जतन करणे हे निवडीहून अधिक चिकाटीचे काम. कसर लोकरीवर पडते, आणि घामाचा किंवा तेलाचा डाग असेल तिथे प्रथम पडते. त्यामुळे गार पाण्यात धुऊन, कडक उन्हात दोन्ही बाजू तापवून, घड्या झटकून मगच आम्ही त्या पत्र्याच्या पेटीत ठेवतो. गरम पाण्याने लोकर आटते. घड्यांत घालायचा कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेला असावा लागतो, आणि खरा उपाय तो नव्हेच. ऊन आणि झटकणे हाच होय. डांबराच्या गोळ्या मी टाळल्या, कारण ही पांघरुणे ऐन वेळी तान्ह्या मुलांच्या अंगावर यायची आहेत. पेटी माजघरातून काढून अंगणातल्या हलक्या पत्र्याच्या पडवीत, भिंतीपासून दूर, विटांच्या उंचवट्यावर ठेवली. तिला कडी आहे, कुलूप नाही. चावी शोधण्याइतका अवसर मिळेलच असे नाही.

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांड्याजवळ केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा आमचे अंगण पावसाने ओले होते. शेजारची बाळंतीण, तिची सासू आणि दोन शाळकरी मुले आमच्याच अंगणात आली. कोणीही आत पाऊल टाकले नाही. माझ्या पत्नीने कडी काढली, एक घोंगडी चिखलावर अंथरली आणि दुसरी बाळंतिणीच्या खांद्यांवर घातली. दुपारपर्यंत मंडळी तशीच बसून होती. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी स्वतःसाठी पेटी मागितली. मी त्यांच्याबरोबर बाजारात गेलो, आणि काड्यापेटी आठवणीने खिशात घेतली.